बी. राघो कोण होता?

"आधी मोजे. मग देवाचं नाव घे नाहीतर कुणाचंही घे, पण आधी हातमोजे. निगेटिव्हवर आपला हात दिसता कामा नये."

शीलाबाईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. पहाटे वंदनेला बसण्याआधी हात धुते, तेव्हा तर हमखास. कोलशेतला रंगाच्या कारखान्यामागे सिनेमाची एक लहानशी लॅब होती. तिथल्या निगेटिव्ह कटिंगच्या खोलीवर शीलाबाईंची हुकमत. खोलीत आम्ही दोघी, मी आणि बायजा. काम सांगायला सोपं होतं. संकलक त्याच्या टेबलावर कामाची प्रत कापून-जोडून सिनेमा ठरवायचा. तो ठरला की आम्ही फिल्मच्या कडेचे बारीक नंबर जुळवत मूळ निगेटिव्ह त्याबरहुकूम कापायचं. मूळ एकच असतं. तिथं कात्री चुकली की चुकली, आणि बोटाचा डाग पडला तर तो पडद्यावर बैलगाडीएवढा दिसणार.

सात वर्षं मी तिथं होते. सात वर्षांत माझ्या कात्रीखाली एक फ्रेम वाया गेली नाही. हे मी गर्वानं सांगत नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं झालं असतं.

मी रोज सकाळ-संध्याकाळ वंदना करते, पंचशील घेते. पौर्णिमेला अष्टशील असतं. त्या दिवशी पांढरी साडी, दुपारी बारानंतर अन्न नाही, आणि सातव्या शीलाप्रमाणे नाच-गाणं, खेळ-तमाशे बघणं नाही. आई गेली त्या वर्षी मी हे घेतलं, ते आजपर्यंत सुटलेलं नाही. ठाकुर्लीत आमच्या बिल्डिंगमधल्या बायका म्हणतात, शालनताईंचा आवाज कधी चढत नाही. खरं आहे, चढत नाही. पण आवाज खाली असला म्हणजे मनही खाली असतं असं नाही.

माझ्या बहिणीची मुलगी प्रीती माझ्याकडे राहते. तिची मैत्रीण ऋतिका आणि आणखी काही मुलांनी मिळून इथल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एक सिनेमा मंडळ काढलंय. महिन्यातून दोन रविवार सकाळी अकराला जुना मराठी सिनेमा दाखवतात. नंतर चहा आणि चर्चा. चर्चा चहापेक्षा जास्त चालते. उन्हाळ्यात ऋतिकाच्या डोक्यात आलं की प्रत्येक सिनेमाच्या कार्डावर एक खूण छापायची, त्यात पडद्यामागे बायकांनी काय काम केलंय ते सांगणारी. बाहेरच्या देशांत असं करतात म्हणे.

"खूण कसली करायची?" प्रीतीनं विचारलं. ते सगळे आमच्याच घरी पोहे खात बसले होते.

"टिकली?" एक मुलगी म्हणाली.

"नको. मग आमची मावशी म्हणेल, मी लावत नाही, मला वगळलं."

"हात," ऋतिका म्हणाली. "आमची आजी कशालाही शिवायला गेली की तिची सासू ओरडायची, बाईचा हात लागला, बाईचा हात लागला. मग छापूया ना, बाईचा हात लागलाय म्हणून. पाच बोटं, पाच कामं. ज्या कामात बाई असेल ते बोट लाल करायचं."

अंगठा दिग्दर्शनाला गेला, तर्जनी लेखनाला. मधलं बोट संकलनाला म्हटल्यावर प्रोजेक्टर सांभाळणारा विनीत पोहे खाता खाता थांबला.

"ऋतिका, मधलं बोट एकटंच लाल झालं तर लोक वेगळा अर्थ काढतील गं."

मुली हसून हसून वाकल्या. मला कळायला जरा वेळ लागला. मग मधलं बोट कॅमेऱ्याला दिलं, कॅमेऱ्यावर बाई एकटी कुठे सापडणार म्हणून, आणि संकलन शेजारच्या अनामिकेवर गेलं. कपडे, रंगभूषा, निगेटिव्ह कटिंग, असं उरलेलं सगळं मिळून करंगळी.

करंगळी. मी सगळ्यांना आणखी पोहे वाढले.

जुन्या सिनेमांची श्रेयनामावली वाचायचं काम माझ्याकडे आलं. अक्षरं पुसट असतात, नावं अर्धी असतात, आणि मी त्या काळातल्या माणसांना नावानं आणि कधी कधी आवाजानंही ओळखते. मी वहीत लिहायचे: अमुक बाई, वेशभूषा. तमुक बाई, संवाद. महिन्याभरात नऊ सिनेमे झाले. मला ते काम आवडायला लागलं. मग एका संध्याकाळी ऋतिका शाईचं मोठं पॅड आणि जाड कागद घेऊन आली.

"मावशी, कार्डावर छापायला खरा हात हवाय. नेटवरचा नको. तुमचाच देता का?"

मी हात पुढे केला. काळ्या शाईत पंजा दाबला, कागदावर ठेवला, उचलला. सगळ्या रेषा उमटल्या, करंगळीवरचा सिमेंटनं भाजल्याचा जुना वणसुद्धा. फिल्म जोडायला जे चिकट द्रव वापरायचे त्याला आम्ही सिमेंट म्हणायचो. कागदाकडे बघताना मला शीलाबाई आठवल्या आणि भीती वाटली, बासष्टाव्या वर्षी. आणि मग भीतीच्या मागोमाग दुसरं काहीतरी आलं. मला वाटलं, आता हा हात बायजानं बघायला पाहिजे.

बायजाबद्दल सांगते.

बायजा कोलशेत गावातलीच. तिचे वडील राघो खाडीच्या मिठागरात काम करायचे. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आणि माझ्याहून उशिरा कामाला लागलेली. वेंधळी. हातमोजे घरी विसरायची आणि माझे मागायची. डब्यावर रिळाचा नंबर लिहायला विसरायची, मी मागून लिहायचे. पण कामाची प्रत पडद्यावर चालू असली की ती दारात उभी राहायची, आणि एकेक दृश्य बदलायच्या नेमकं आधी अंगठा आणि बोट जुळवून चुटकी वाजवायची. टक्. आणि दृश्य बदलायचं. कधी चुटकी आधी वाजायची आणि दृश्य उशिरा बदलायचं. तेव्हा ती म्हणायची, "चुकला." ती चुकली असं नाही, संकलक चुकला असं. लॅबमधले सगळे हसायचे. शीलाबाई मात्र हसायच्या नाहीत, तिच्याकडे बघत राहायच्या. माझ्याकडे त्यांनी तसं कधी बघितलं नाही. माझ्या कामात बघण्यासारखं काही नसायचं. ते बिनचूक असायचं.

'खाजणातलं घर' हा सिनेमा लॅबमध्ये आला तेव्हा मी सहा वर्षं जुनी होते. मिठागरावरच्या एका कुटुंबाची गोष्ट. अर्ध्यात संकलकाला मोठा हिंदी सिनेमा मिळाला आणि तो निघून गेला. दिग्दर्शक भला माणूस, तो शीलाबाईंपुढे येऊन बसला. शीलाबाई आमच्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "शालन, तू जुनी आहेस. आज टेबलावर बस त्यांच्याजवळ. नंतरचं नंतर बघू."

त्या दिवशी पौर्णिमा होती.

मी म्हणाले, "बाई, उद्या बसले तर चालेल का? आज माझं अष्टशील आहे. निगेटिव्ह कापते मी, ते कामच आहे. पण आज चालता सिनेमा बघत नाही."

शीलाबाईंनी एकदा माझ्या पांढऱ्या साडीकडे बघितलं. रागावल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या. "बायजा, तू चल."

ती गेली ती गेलीच. पहिल्याच दिवशी मीठ ओढायचं दृश्य लागलं. जुन्या संकलकानं ते तीन तुकड्यांत उरकलं होतं. बायजा म्हणाली, मीठ असं ओढत नाहीत, बाई लांबवर ओढत नेते आणि मग थांबते, थांबल्यावरच कापायचं. दिग्दर्शकानं तसं करून बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिला उठू दिलं नाही. अडीच महिने ती त्या टेबलावर बसली. मी काचेच्या अलीकडून तिची पाठ बघायचे. शेवटी तिनं ठरवलेला सिनेमा माझ्याकडे कापायला आला. तिच्या चुटक्या मी माझ्या कात्रीनं मूळ निगेटिव्हमध्ये उतरवल्या, एकेक, नंबर जुळवून. इतकं चांगलं कापलेलं काम माझ्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. मला ते कळत होतं. न कळतं तर बरं झालं असतं.

पौर्णिमेवर मी रागावू शकत नव्हते. म्हणून बायजावर रागावले.

नाव पडद्यावर टाकायची वेळ आली तेव्हा ती घाबरली. तिचं लग्न ठरत होतं, मुलगी सिनेमात आहे असं कुणी म्हटलं असतं तर संपलंच. तिनं नाव लिहून दिलं: बी. राघो. बापाचं नाव मोठ्या पडद्यावर येईल आणि गावात कुणाला कळणारही नाही, यावर ती फार खूष होती. खाली निगेटिव्ह कटिंगला माझं नाव आलं, पूर्ण आलं, बारीक अक्षरात.

लॅबमधल्या शेवटच्या दिवशी ती माझ्यापाशी आली. मी रीळ गुंडाळत होते.

"शालन, मी काय कुनाला सांगनार नाय. पन कवा कुनी इचारला, ह्यो बी. राघो कोन, त तू सांग हां. नाय इचारला त नको."

"सांगेन."

"मोजा काढ आधी. मोज्यावर वचन नाय घेत मी."

मी हातमोजा काढला आणि तिच्या हातावर हात ठेवला. तिचा हात गरम होता. मानपाड्याच्या सासरी ताटातल्या तांदळावर तिचं नवं नाव लिहिलं गेलं, शुभदा. बायजा हे नाव त्यांना जुनं वाटलं. शीलाबाई गेल्या. दिग्दर्शकही गेला. लॅबच्या जागी आता चोवीस मजल्यांचं काहीतरी आहे. बी. राघो कोण हे जगात दोघींनाच माहीत राहिलं, आणि त्यातली एक स्वतःहून सांगणार नव्हती.

तर मागच्या महिन्यात आमच्या खोलीत भिंतीवर 'खाजणातलं घर'ची नावं चालू होती. दिग्दर्शकाच्या मुलानं पेनड्राइव्हवर पाठवलेला सिनेमा. पुढच्या पौर्णिमेच्या रविवारी तो दाखवायचा ठरलेलं. ऋतिका लॅपटॉप मांडीवर घेऊन एकेक नाव थांबवत होती.

"निगेटिव्ह कटिंग, शालन... मावशी, तुमचं नाव," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रीतीनं मला मिठी मारली. "करंगळी पक्की. आता संकलन. बी. राघो."

"साउथचा वाटतो," विनीत म्हणाला.

ऋतिकानं फोनवर शोधलं. काही मिळालं नाही. "दुसरा एकही सिनेमा नाही याचा. एकच केला आणि गेला. पण काय भारी कापलाय, तो मिठाचा सीन बघितलास ना? मावशी, तुम्ही तर तिथं होता. हा बी. राघो कोण होता?"

कोण होता.

तिनं होती म्हटलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कोण होतं म्हटलं असतं तरी कदाचित. पण ती होता म्हणाली आणि त्या एका अक्षरात मला फट सापडली. मी शांत आवाजात म्हणाले, "त्या नावाचा पुरुष मी तरी लॅबमध्ये बघितला नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता.

"म्हणजे बाहेरचा कुणीतरी असेल," ऋतिका म्हणाली आणि तिनं लिहिलं: संकलन, पुरुष, माहिती नाही. अनामिका कोरी राहिली.

त्या रात्रीच्या वंदनेत मी चौथ्या शीलावर थांबले नाही. खोटं बोलणार नाही, हे मी म्हणाले आणि पुढे गेले. मी खोटं बोललेच नव्हते.

कार्डं छापून आली. माझा पंजा काळ्या रेषांत, करंगळी लाल. वर सिनेमाचं नाव. मी दोन कार्डं मागून घेतली. एक भिंतीवर लावलं. दुसरं पिशवीत घातलं आणि मानपाड्याला गेले. बायजाला भेटून सहा-सात वर्षं झाली होती. एका लग्नात भेटलेलो, तेवढंच. भेट घ्यायला हवी, तिचे गुडघे दुखतात म्हणे, असं मी स्वतःला सांगितलं. पिशवीतलं कार्ड मात्र मी पुठ्ठ्यात घालून नेलं होतं, दुमडू नये म्हणून.

तिच्या सासऱ्यांच्या जमिनीवर आता सात मजली बिल्डिंग आहे. दुसरा मजला सगळा त्यांचा. दार सुनेनं उघडलं, निशा नाव तिचं. बायजा सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. गळ्यात जाड माळ, हातात पाटल्या, पायाला क्रेप बँडेज. समोर भिंतीएवढा टीव्ही, आवाज बंद. तिला इतकं सगळं मिळालंय हे मला माहीत होतं, तरी मी त्या पाटल्या मोजल्या.

"काय गो शालन," ती म्हणाली. "वाट चुकलीस का? निशा, चाय टाक, बिनसाखरेचा नको हां, ही साधी बाय हाय, साखर खाते."

"आज बरी आहेस?"

"मी बरी हाय. गुडगं बरं नाय. त्यांना मी सांगतंय, तुम्ही हितं बसा, मी जाऊन येते."

आम्ही हसलो. निशानं चहा आणला, बसली. घरात सगळे तिला शुभदाआई म्हणतात. बोलता बोलता बायजाचं एक लक्ष टीव्हीवर होतं. कुठलीशी मालिका चालली होती. आणि अचानक मला ते ऐकू आलं. टक्. दृश्य बदललं. टक्. बदललं. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं आपोआप चालली होती.

निशानं माझी नजर बघितली. "आईंची सवय आहे ती," ती हळूच म्हणाली. "डॉक्टरांना दाखवलं आम्ही. नसांचं काहीतरी असतं म्हणाले, घाबरण्यासारखं नाही."

"आवाज का बंद ठेवता?"

"आवाज नको म्हणतात. नुसतं बघत बसतात."

टक्. या वेळी दृश्य बदललं नाही. एका बाईचा चेहरा तसाच राहिला, मग पुन्हा तोच चेहरा जवळून आला.

"चुकला," बायजा म्हणाली.

निशा ट्रे उचलून आत गेली. मी पिशवीतून पुठ्ठा काढला. नको दाखवू असं मला त्या क्षणी वाटलं होतं, पण हात निघाला होता. तिनं चष्मा लावला. कार्ड लांब धरलं, जवळ आणलं. सिनेमाचं नाव वाचलं.

"ह्यो हात कोनाचा?"

"माझा."

"करंगलीवरचा डाग. वलखला मी." ती कार्डावर बोट फिरवत राहिली. "शीलाबाईनी बघला असता त बोंब मारली असती. हात दिसतोय म्हनून." मग म्हणाली, "बरा उमटलाय गो. लय बरा."

यासाठीच आले होते मी. हे ऐकलं, आणि मला काहीच वाटलं नाही.

"ही करंगलीच लाल कशी?"

मी सांगितलं. अंगठा, तर्जनी, मधलं. तिचं बोट अनामिकेवर येऊन थांबलं.

"आन् ह्या?"

"संकलन."

"रिकामा हाय."

"नाव बाईचं आहे, ते कळलं नाही त्यांना."

टीव्हीवर जाहिराती लागल्या होत्या. जाहिरातींना ती चुटकी वाजवत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"कुनी इचारला नाय?" तिनं विचारलं. माझ्याकडे न बघता, सहज, कुणी पाणी आलं का विचारावं तसं.

माझ्या तोंडात चहाचा घोट होता. तो गिळायला मी जितका वेळ घेतला, तितका वेळ कुणी घेत नाही. मग मी म्हणाले, "विचारलं तर सांगेन ना."

"हां," ती म्हणाली. "इचारला त सांग. नाय इचारला त ऱ्हाऊंदे. आथा कोनाला काय करायचा." तिनं कार्ड मला परत दिलं नाही. सोफ्याच्या उशीखाली सरकवलं. "ह्यो मना ऱ्हाऊंदे. तुझा हात हाय म्हनून."

रिक्षात बसल्यावर मी हिशेब करत राहिले की मी खोटं बोलले का. विचारलं तर सांगेन. यात खोटं काय होतं? शब्दात काही नव्हतं. मी सगळं नंबर जुळवून बोलले होते. आयुष्यभर हेच केलं मी, जोड दिसू द्यायचा नाही.

आणि तरीही, खरं सांगायचं तर, घरी पोचेपर्यंत माझी असूया गेली नव्हती. त्या बाईनं तीस वर्षं काही मागितलं नाही, यावरही मला जळायला झालं. तिला मागावं लागत नाही. तिच्या हातात ते आहे, मांडीवर पडलेल्या हातातसुद्धा, डॉक्टरला ते नसांचं वाटलं तरी आहे. माझ्या हातात काय आहे? नेम आहेत. बिनचूक आहेत.

पुढचे पाच दिवस मी भिंतीवरच्या कार्डाकडे बघायचं टाळलं. माझाच हात, आणि मला त्याची नजर चुकवावी लागत होती. पावसाळ्यातला वर्षावास चालू होता, संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असायचं. एक दिवस वाचायची पाळी माझी होती. वाणीबद्दलचा भाग आला. मी स्वच्छ आवाजात वाचला. शेजारच्या दीप्तीताई नंतर म्हणाल्या, "शालनताई, तुम्ही वाचलं की कसं आत उतरतं." मी त्यांना नमस्कार केला आणि चपला शोधायला लागले. चपला समोरच होत्या.

शनिवारी रात्री जेवताना प्रीती म्हणाली, "मावशी, उद्या पौर्णिमा, म्हणजे तू काही येणार नाहीस ना? ऋतिकाला मी सांगितलंय. ती म्हणाली काय हे, तुमचाच हात दारावर लावतोय आणि तुम्हीच नाही."

"सिनेमाला नाही येणार."

"तिचा मूड तसाही गेलाय. मिठाच्या सीनवर बोलायचं ठरवलंय तिनं, आणि माणसाचं काहीच सापडत नाही. म्हणते, एवढं बाईचं काम कळणारा पुरुष कोण असेल." प्रीती आमटी वाढून घेत म्हणाली. "विनीत म्हणतो, त्याच्या आईनं शिकवलं असेल."

मी भाताचा घास हातात धरून बसले.

"काय गं?"

"काही नाही. जेव तू."

आज पहाटे साडेपाचला उठले. हात धुतले. शीलाबाईंचा आवाज आला, नेहमीसारखा. पांढरी साडी नेसले, मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, गुडघे टेकून बसले. पहिलं शील घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. चौथ्याला आवाज निघेना. पाठ असलेली ओळ, हजारो वेळा म्हटलेली. मी थांबले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं आणि पुन्हा तिथंच अडले. मेणबत्ती बोटभर खाली आली तरी मी तिथंच.

तेव्हा मला ती जुनी पौर्णिमा आठवली, तीस-बत्तीस वर्षांपूर्वीची. मी मनात कायम म्हणत आले, माझ्या शीलानं माझी खुर्ची घेतली. तसं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी टेबलापाशी गेले होते. बायजा उठून उभी राहिलेली, म्हणाली, बस गो, तुझी जागा हाय. त्या सकाळी मी काचेतून ते मिठाचं दृश्य बघितलं होतं. मला माहीत होतं की मी ते असं करू शकले नसते. मी म्हणाले, नको, मला निगेटिव्हचं काम आहे. हे मी इतकी वर्षं स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

प्रीती आठला गेली, खुर्च्या मांडायला. मी चौथं शील राहू दिलं, बाकीची घेतली, आणि उठले. फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर ऋतिका म्हणाली असती, अरे वा मावशी, आधी का नाही आठवलं, आणि मी म्हटलं असतं, वय झालं गं. तो जोडही बेमालूम बसला असता. मला तिच्यासमोर उभं राहून सांगायचं होतं की आठवत होतं. तू विचारलंस तेव्हा आठवत होतं.

दहा वाजले होते. सिनेमा अकराला. सातवं शील सांभाळून, दिवे मालवायच्या आत मला परत फिरता येणार होतं.

प्रीतीच्या टेबलावरून लाल स्केचपेन घेतलं, टोपण घट्ट आहे ना बघितलं. कपाटाच्या खालच्या कप्प्यात जुने सुती हातमोजे आहेत, पिवळे पडलेले, धुऊन ठेवलेले. ते हातात घेतले आणि परत ठेवले. बायजाला फोन लावला.

"काय गो?" ती म्हणाली. मागून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"विचारलंय," मी म्हणाले. "मागच्या महिन्यातच विचारलं होतं."

फोनमधून अगदी हळू आवाज आला. टक्.

"जा मग," ती म्हणाली.

मी दाराला कुलूप लावलं, पदर सारखा केला आणि जिना उतरू लागले.